पायरीखालचे तीनशेपटे

धाकटीला शिकवण्याच्या कामात पडायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पदवी हातात आल्यावर तिने तीन ठिकाणी अर्ज टाकले. दोन ठिकाणांहून साधं उत्तरही आलं नाही. तिसरीकडून बोलावणं आलं ते नदीकाठच्या बागेतून. शहराच्या मधोमध नदी, नदीला लागून लांबलचक बाग, आणि त्या बागेत दरवर्षी नुकत्याच पदवी घेतलेल्या पाच जणांना वर्षभरासाठी घेत. त्याला फेलोशिप म्हणत. शाळेतली मुलं नदीवर न्यायची आणि त्यांना नदी दाखवायची, एवढंच काम. वर्ष संपलं की पाचांतल्या एकाला कायमचं ठेवून घेत. धाकटीने मुलाखतीत "मला मुलं आवडतात" असं ठोकून दिलं, आणि नंतर तिच्याच लक्षात आलं की आपण खरं बोललो.

बाग चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की नदीच्या पलीकडचा माणूस वळून बघेल. पहिल्याच दिवशी त्यांनी पाचही जणांना काठावरच्या पायऱ्यांवर बसवलं, प्रत्येकाला काठाचा एकेक तुकडा वाटून दिला, धाकटीला पायऱ्यांचा, आणि तीन नियम सांगितले. जाळीत जे येईल ते तक्त्यावर लिहायचं. तक्त्यावर दोन नावं हवीत, एक पकडणाऱ्याचं आणि एक बघणाऱ्याचं, कारण एकट्या डोळ्यांवर विसंबायचं नाही. आणि काम झालं की जिथून काढलं तिथेच सोडायचं.

"पोरांचं बघणं हेही बघणंच असतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यांचे तक्ते मी फडताळात कुजवत नाही. ते वहीत चढतात आणि वही पाण्याच्या खात्यात जाते. बाटलीत भरलेलं पाणी त्या दिवसापुरतं सांगतं. किडे वर्षभराचं सांगतात. आणि किडे खोटं बोलत नाहीत."

धाकटीने मान डोलावली. मान डोलावताना माणूस किती ऐकतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता नदीचं सांगायचं तर नदीत काही नव्हतं. म्हणजे पाणी होतं, वरून चकाकायचंही. पण जाळी घातली की गाळ यायचा आणि गाळात लाल अळ्या, बस. लाल अळ्या घाणीतही जगतात. कागदावर बारा किड्यांची चित्रं छापलेली आणि मुलांना दर वेळी एकाच चित्रावर खूण करावी लागे. एका वर्गात समोरचे दोन्ही दात पडलेली एक मुलगी होती. तिने तीन वेळा जाळी घातली, तीनदा तेच निघालं. मग ती धाकटीकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "ताई, या नदीत राहायला कुणीच आवडत नाही का?"

तिला म्हणायचं होतं कुणालाच. पण धाकटीने ते सुधारलं नाही. रात्री जेवतानाही तेच डोक्यात.

बरं, हे घरी कुणापाशी बोलावं, तर तीही सोय नव्हती. बाबांनी एकतीस वर्षं शहराच्या मैलापाण्याच्या पंपघरात काढली होती. शहरातली घाण पंपाने उपसून लांबच्या शुद्धीकरणाकडे पाठवायची. पण पावसाळ्यात पाणी वाढलं, काटा लाल रेघेला टेकला, की एक मोठं चाक फिरवून झडप उघडायची. मग सगळं सरळ नदीत. नाही उघडली तर तेच पाणी लोकांच्या मोऱ्यांतून वर येणार. हुकूम वरून यायचा, चाक मात्र बाबांच्या हातात. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून घरी येताना पुलावरून मेलेले मासे दिसत, पोटं वर करून तरंगणारे. बाबांनी हे घरी एकदाच सांगितलं होतं, थोरलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, काही कारण नसताना. निवृत्त झाल्यावरही ते पुलावरून जात नसत. बाजारात जायला वीस मिनिटं जास्त लागली तरी वळसा घालून जात. धाकटीला बागेत काम लागल्याचं कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कर. चांगलं आहे." आणि बूट पुसत बसले.

शहाणपणा धाकटीला सुचला तो एका बुधवारी. बसने तासाभरावर डोंगर होता. डोंगरात झरा, झऱ्यात दगड आणि दगडाखाली एक इवलासा किडा. त्याच्या शेपटाला तीन धागे. पुस्तकात त्याचं लांबलचक नाव आहे, पण मुलं पुढे त्याला तीनशेपट्या म्हणायला लागली, तेव्हा आपणही तेच म्हणू. हा किडा स्वच्छ पाण्यातच राहतो. पाणी नासलं की पहिला हाच जातो. धाकटीने पाच-सहा दगड किड्यांसकट ओल्या फडक्यात गुंडाळले, डब्यात पाणी घातलं आणि सॅक पाठीला लावून परत आली. वर्ग भरायच्या तासभर आधी तिने ते दगड तिसऱ्या पायरीखाली पाण्यात मांडले.

मनात वाईट काही नव्हतं, हे कबूल करायला हवं. आधी मुलांची ओळख होऊ दे, नदी आवडू दे, मग काळजी आपोआप येईल, असा तिचा हिशेब. हिशेब ऐकायला छान आहे. वाईट मनात नसताना केलेले उद्योग निस्तरायला जास्त जड जातात, ते सोडा.

त्या दिवशी मुलांनी काठ डोक्यावर घेतला. दगड उलटा केला की तीनशेपट्या, दुसरा केला की अजून दोन. दातपडकीच्या वर्गाची पाळी आली तेव्हा तिने तक्त्यावर इतक्या जोरात खूण केली की कागद फाटला. मग नियमाप्रमाणे मुलांनी एकेक किडा चमच्याने उचलून नदीत सोडला. "जा, घरी जा," असं म्हणून सोडला. धाकटीही त्यांच्याबरोबर म्हणाली.

आणि मग ते सुटेचना. आठवड्यातून दोन वर्ग, दोन्ही वर्गांच्या मुलांनी शाळेत जाऊन सांगितलेलं, नवी मुलं आली की पहिला प्रश्न तीनशेपट्यांचाच. धाकटी डोंगरावर जात राहिली. अकरा आठवडे गेली. बावीस तक्ते झाले, प्रत्येकावर दोन नावं. पकडणारं पोर खरं, बघणारं पोर खरं. तक्ते पेटीत पडत होते, पेटीतून वहीत जात होते. धाकटी मात्र त्यांना वर्गातला अभ्यास समजत होती. वही पाण्याच्या खात्यात जाते, हे पहिल्या दिवशी तिने मान डोलावत ऐकलं होतं, तेच नेमकं विसरली.

बाराव्या आठवड्यात सोमवारी मोठ्या बाईंनी पाचही जणांना ऑफिसात बोलावलं. बाईंचे डोळे ओले होते. हे कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

"पाण्याच्या खात्याचं घोडं दोन वर्षं अडलं होतं," त्या म्हणाल्या. "बाटल्या एका आठवड्यात बरं सांगायच्या, दुसऱ्या आठवड्यात वाईट. आपली वही गेली आणि त्यांचं ठरलं. सलग अकरा आठवडे स्वच्छ पाण्यातला किडा. येत्या रविवारी पायऱ्या उघडणार. लोकांना पाण्यात उतरता येईल. मुलांना खेळता येईल." मग त्यांनी धाकटीकडे बघितलं. "हिच्या वर्गांनी शोधलं हे. वर्षअखेरीला कुणाला ठेवायचं, यावर मला आता डोकं खाजवायला नको."

बाकीचे चौघं टाळ्या वाजवत होते. त्यांच्यातल्या एकाने तर तिची पाठ थोपटली. बोलायची वेळ तीच होती, आणि ती तिने जाऊ दिली.

घरी बातमी तिच्याआधी पोचली होती. बागेच्या फाटकावर पाटी लागली होती आणि ती वाचून शेजाऱ्यांनी बाबांना सांगितलं होतं. बाबा दारातच उभे होते.

"मास्तरीणबाई आल्या," ते आईला म्हणाले. धाकटीला त्यांनी आजवर नावाने, नाहीतर बाळ म्हणूनच हाक मारली होती. चिडवलेलं हे पहिल्यांदाच. "तुला कळतंय का, काय केलंस ते? तो किडा म्हणे घाण पाण्यात एक दिवस तग धरत नाही. आणि तिथे अकरा आठवडे राहिलाय. म्हणजे नदीने माफ केलं म्हणायचं."

"बाबा, तसं नसतं काही," धाकटी म्हणाली.

"तुला नाही कळायचं. चाक तू नाही फिरवलंस."

त्या आठवड्यात बाबा दोनदा पुलावरून गेले. आईने हे शिवता शिवता धाकटीला सांगितलं, आणि सांगताना मशीन थांबवलं. आईचं मशीन एरवी बोलण्यासाठी थांबत नसे. "पुलाच्या मधोमध उभे राहिले म्हणे कितीतरी वेळ. रविवारी पाय बुडवायला जायचंय त्यांना. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा भूक लागली म्हणाले." सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता मंगळवार गेला, बुधवारचा वर्ग तयारीसाठी रद्द झाला, आणि गुरुवार, शुक्रवारही गेले. डोंगरावर ती त्या आठवड्यात गेली नाही. पाय वळलेच नाहीत.

शनिवारी वर्ग होता, आणि आला तो नेमका दातपडकीचा. तिसऱ्या पायरीखाली जुने दगड होते तसेच होते. मुलांनी एकेक उलटा केला. खाली गाळ आणि लाल अळ्या. जाळीत लाल अळ्या. दातपडकी जराही हिरमुसली नाही. तिने तक्ता मांडीवर घेतला, पेन्सिल तोंडात धरली आणि थोडा विचार केला.

"ताई, तीनशेपट्यावर खूण करू?"

"दिसला का तुला?"

"दिसला नाही. पण आहे ना तो. लपलाय. करू खूण?" आणि तिने शेजारच्या मैत्रिणीला कोपर मारलं. "ही बघणारी म्हणून नाव लिहील. हो ना गं?"

मैत्रीण हो म्हणाली. नाही कशाला म्हणेल? ताई खोटं थोडीच सांगणार होती.

"उद्या आमच्याकडचे सगळे येणार आहेत," दातपडकी पुढे बोलतच होती. "छोटूला पण आणणार. तो अंघोळ करताना पाणी पितो. आई ओरडते तरी पितो."

धाकटीने तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "दिसलं नाही तर लिहायचं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. मुलं बसमध्ये चढेपर्यंत ती कशीबशी थांबली आणि मग थेट ऑफिसात गेली.

मोठ्या बाई उद्याची फीत कापायच्या कात्रीला धार आहे का ते बघत होत्या. धाकटीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डोंगर, दगड, फडकं, डबा, सगळं. मध्ये रडली नाही. रडली असती तर बाईंनी आधी पाणी दिलं असतं आणि सांगायचं लांबलं असतं.

बाईंनी कात्री खाली ठेवली. "मी गावभर सांगत फिरले," त्या म्हणाल्या, "किडे खोटं बोलत नाहीत म्हणून."

"ते नाही बोलले बाई. मी बोलले."

बाईंनी वही काढली, लाल पेन काढलं आणि दोन्ही तिच्यापुढे सरकवलं. "तूच काट." धाकटीने बावीस नोंदी काटल्या. काटताना प्रत्येक नोंदीपुढची दोन-दोन नावं वाचावी लागली, चव्वेचाळीस मुलांची. तोवर बाई फोनवर पाण्याच्या खात्याशी बोलत होत्या. तिकडचा माणूस आवाज चढवत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा बाई हळू बोलत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "पायऱ्या दोरी लावून बंद ठेवू. तुझं काय करायचं ते बागेचं मंडळ ठरवेल, आणि मी तुझ्या बाजूने बोलणार नाही. उद्या मात्र तू यायचंस. लोक पोरंबाळं घेऊन येतील. त्यांना दोरीपाशी उभं राहून तूच सांगायचं."

धाकटी हो म्हणाली. तिला हलकं वाटायला हवं होतं, असं आपण म्हणतो. तसं काही वाटलं नाही, कारण घरी जायचं बाकी होतं.

बाबा संध्याकाळी गॅलरीत स्टुलावर बसून पायाची नखं कापत होते. वर्तमानपत्र पसरलेलं, शेजारी प्लॅस्टिकची नवी चप्पल, अजून जोडी दोऱ्याने बांधलेली. उद्यासाठी पाय नीट करत होते. धाकटी समोर जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. बाईंना सांगताना शब्द भराभर आले होते. इथे एकेक शब्द ओढून काढावा लागला.

बाबांनी एका बोटाचं नख अर्धं कापलं होतं. ते त्यांनी पूर्ण कापलं. नेलकटर मिटवलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"किती आणायचीस?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"किडे. एका वेळी किती?"

"तीस. कधी चाळीस."

"आणि वर्ग झाल्यावर?"

"नदीत सोडायचो. नियम आहे तसा. जिथून काढलं तिथे…" आणि धाकटी थांबली. अकरा आठवड्यांत हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. दर बुधवारी आणि शनिवारी मुलांच्या हातांनी, जा घरी जा म्हणत, चमच्याचमच्याने. तीनशेपट्यांचं घर तासाभरावर डोंगरात होतं. खाली होतं ते पाणी, ज्यात ते एक दिवस तग धरत नाहीत. म्हणून तर दर वेळी नवे आणावे लागायचे. हे तिला ठाऊक होतं आणि तरी तिने बघितलं नव्हतं.

"मला पुलावरून दिसायचे," बाबा म्हणाले. "मासे मोठे असतात, ते वर येतात. हे इतके बारीक. तुला दिसलेच नसतील."

ते रागाने म्हणाले नाहीत. रागावले असते तर बरं, असं धाकटीला वाटलं. तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही. बाबांनी तिच्या केसांवर हात ठेवला. हात जड होता, चाक फिरवून फिरवून तळव्याला घट्टे पडलेला. "मला वाटलं होतं सुटलो," ते एवढंच बोलले. थोड्या वेळाने त्यांनी वर्तमानपत्र गोळा केलं आणि चप्पल दोऱ्यासकट पलंगाखाली सरकवली.

रविवारी सकाळी पायऱ्यांवर दोरी होती आणि दोरीपाशी धाकटी. लोक आले. टॉवेल घेऊन, पिशव्यांतून कोरडे कपडे घेऊन आले. ती प्रत्येकाला तेच सांगत होती: पाणी स्वच्छ नाही, किडे मी बाहेरून आणून ठेवले होते, चूक माझी आहे. कुणी शिव्या घातल्या, कुणी नुसतंच बघून परत फिरलं. एका आजोबांनी "शिकलेली माणसं" एवढंच म्हटलं आणि काठी टेकत निघून गेले. ती पुढच्याला सांगायला लागली.

दहाच्या सुमाराला दातपडकी आली, आईचा हात धरून, छोटू आईच्या कडेवर. धाकटीने आईला सांगितलं. मग खाली बसून मुलीला वेगळं सांगितलं, तिच्या भाषेत, काही न लपवता. मुलगी ऐकत राहिली. तिने विचारलं, "म्हणजे मी खूण केली ती काटली?"

"हो. मी काटली."

मुलगी आईच्या मागे गेली आणि तिथूनच धाकटीकडे बघत राहिली. आधी कधी तिने असं बघितलं नव्हतं. धाकटीने ते सोसलं.

"एक जाळी मिळेल का?"

धाकटीने वर पाहिलं. बाबा होते. पायात पुसलेले जुने बूट. वळसा न घालता पूल ओलांडून आले होते. त्यांनी भिंतीवरची जाळी घेतली, दोरीखालून वाकून तिसऱ्या पायरीपर्यंत गेले, पाण्याला हात न लावता जाळी तळाशी फिरवली आणि पांढऱ्या ट्रेमध्ये उपडी केली. कामाची सवय असलेल्या माणसाच्या हाताला सांगावं लागत नाही. मग ते ट्रे घेऊन वर आले आणि दातपडकीपुढे बसले.

"पकडणारा मी," ते म्हणाले. "बघणारं कुणी हवं ना? माझा चष्मा घरी राहिला."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. मग ती पुढे आली, ट्रेवर वाकली आणि बोट लावत मोजायला लागली. "लाल अळ्या. एकोणीस."

"अजून काही?"

तिने पुन्हा सगळा गाळ काडीने बाजूला केला. दगडाचा एक तुकडा उलटा करून बघितला. "नाही. अजून काही नाही."

बाबांनी तसंच लिहिलं. तीनशेपट्याच्या चित्रापुढे शून्य घातलं. खाली आपलं नाव लिहिलं, शेजारी मुलीने तिचं लिहिलं, आणि तक्ता पेटीत पडला. मग नियमाप्रमाणे सोडायचं होतं. मुलगी ट्रे धरून तशीच उभी राहिली. एक पाय पुढे टाकला, परत मागे घेतला.

"मरतील का हे?" तिने विचारलं. धाकटीला नाही, बाबांना.

बाबांनी ट्रेचा दुसरा कोपरा धरला. "नाही," ते म्हणाले. "हे इथलेच आहेत."

दोघं ट्रे घेऊन पायऱ्या उतरली. धाकटीने त्यांच्यासाठी दोरी वर उचलून धरली.